दूरचा वर्ग, जवळचा धडा

प्राथमिक शिक्षणाचा आरंभ परिसरापासून व्हावा, हे तत्त्व आपल्या राज्याच्या पाठ्यक्रमाने फार पूर्वीच स्वीकारले आहे. मूल प्रथम आपले घर ओळखते, मग गाव, मग तालुका आणि जिल्हा. तिसरीच्या वर्गात आपल्या जिल्ह्याचा परिचय करून देण्याची प्रथा त्यातूनच पडली. परंतु या क्रमात एक अडचण अनुभवास येते. जी वस्तू रोज डोळ्यांसमोर असते, तिच्याकडे पाहण्याची दृष्टी हळूहळू बोथट होत जाते. वसमतच्या शिवारातील मुलाला हळदीचे कंद खणणे, ते शिजविणे आणि उन्हात वाळविणे यांत शिकण्यासारखे काही आहे, असे सहसा वाटत नाही. पण हळद झाडाला लागते की जमिनीखाली वाढते, असा प्रश्न दूरच्या प्रदेशातील एखाद्या समवयस्क मुलाने विचारला, की तेच मूल विचारात पडते. उत्तर देण्यासाठी ते शेतात जाते, आजोबांना विचारते, कंद हातात घेऊन न्याहाळते. परिसराचा अभ्यास खऱ्या अर्थाने तेथे सुरू होतो.

वेगवेगळ्या प्रदेशांतील प्राथमिक वर्ग व्हिडिओ कॉलच्या साहाय्याने परस्परांशी जोडण्याच्या उपक्रमाचा विचार या दृष्टीने झाला पाहिजे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार असून तीपैकी सुमारे ८५ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. अशा जिल्ह्यातील शाळांना हे साधन कितपत उपयोगी पडेल आणि ते कसे वापरावे, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐकणाऱ्या वर्गाकडून बोलणाऱ्या वर्गाकडे

दूर अंतरावरून शिक्षण देण्याचे प्रयोग आपल्या देशाला नवे नाहीत. आकाशवाणीच्या शालेय कार्यक्रमांनी कित्येक पिढ्यांच्या कानी गोष्टी, गाणी व पाठ घातले. त्यानंतर १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे दूरदर्शन शिक्षणाचा जो प्रयोग झाला, त्याने जगाचे लक्ष वेधून घेतले. आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओडिशा, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरदर्शन संच बसविण्यात आले होते. सकाळच्या वेळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम दाखविले जात. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी वाहिलेला 'एज्युसॅट' हा उपग्रह अवकाशात सोडण्यात आला आणि काही केंद्रांतून विद्यार्थ्यांना उलट प्रश्न विचारण्याचीही सोय झाली.

या सर्व प्रयत्नांचे मोल मोठे आहे. तथापि त्यांतील बहुतेकांची दिशा एकच होती. ज्ञान शहरातील केंद्रातून निघे आणि खेड्यातील मुलापर्यंत पोहोचे. खेड्यातील मुलाजवळही सांगण्यासारखे काही आहे, हे गृहीत धरण्यास त्या साधनांत फारसा वाव नव्हता. व्हिडिओ कॉलने पडलेला फरक नेमका हाच आहे. येथे दोन्ही टोकांना वर्ग आहे, दोन्हीकडे शिक्षक आहे आणि दोन्ही बाजूंना बोलण्याचा सारखाच अधिकार आहे. तो अधिकार वापरला गेला नाही, तर हेही साधन केवळ एक लहानसा दूरदर्शन संच होऊन राहील.

कल्पना जुनी, साधन नवे

दोन दूरच्या वर्गांनी एकमेकांना शिकवावे ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधील एका खेड्यातील शिक्षकाने प्रत्यक्षात आणली होती. सेलेस्तँ फ्रेने हे त्यांचे नाव. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला झालेल्या जखमेमुळे त्यांना वर्गात फार वेळ बोलणे कठीण जाई. दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ भागातील बार-सुर-लू या गावी त्यांनी वर्गात एक लहान छापयंत्र आणले व मुलांनी लिहिलेला मजकूर मुलांकडूनच छापून घेण्यास सुरुवात केली. १९२६ मध्ये ब्रिटनीच्या समुद्रकिनाऱ्यावरील त्रेगंक येथील शिक्षक रेने दानिएल यांच्या वर्गाशी त्यांच्या वर्गाचा नियमित पत्रव्यवहार सुरू झाला. डोंगरातील मुले आपले जीवन किनाऱ्यावरील मुलांना कळवू लागली आणि किनाऱ्यावरील मुले आपले. वाचणारा कोणी तरी खरोखर आहे, हे कळल्यावर लिहिण्याला अर्थ आला.

महाराष्ट्रात साने गुरुजींनी मांडलेले 'आंतरभारती'चे स्वप्न याच जातीचे होते. भारतातील विविध प्रांतांनी परस्परांची भाषा, साहित्य व जीवन जाणून घ्यावे, अशी त्यांची तळमळ होती. ११ जून १९५० रोजी गुरुजींचे निधन झाले. त्यांच्या काळी दूरच्या प्रांतातील मुलांना भेटावयाचे तर आगगाडीचा लांबचा प्रवास करावा लागे, आणि तो खेड्यातील गरीब मुलाच्या आवाक्याबाहेरचा होता. आज एखादा भ्रमणध्वनी, एक मोठा पडदा व बऱ्यापैकी इंटरनेट जोडणी एवढ्या सामग्रीवर ती भेट घडविता येते. केंद्र शासनाच्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावण्यात आली, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

परितेवाडीचा धडा

जिल्हा परिषदेची लहानशी शाळा या साधनाने काय साधू शकते, याचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यात घडले आहे. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद प्राथमिक शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा दहा लक्ष डॉलर्सचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. पुरस्काराची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून देण्याचा निर्णय त्यांनी त्याच वेळी जाहीर केला. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या वापराबद्दल त्यांचे नाव सर्वत्र झाले. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे दुसरे कार्य अधिक महत्त्वाचे आहे.

पुरस्काराच्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार, श्री. डिसले आठवड्याच्या सुटीत व्हिडिओ कॉलद्वारे परदेशांतील वर्गांना सहली घडवीत आणि घरी उभारलेल्या प्रयोगशाळेतून विज्ञानाचे प्रयोग दाखवीत. या सहली ८३ देशांतील १,४०० हून अधिक वर्गांपर्यंत पोहोचल्या होत्या. तसेच भारत व पाकिस्तान, इस्राएल व पॅलेस्टाईन यांसारख्या परस्परांशी तणाव असलेल्या देशांतील मुलांना सहा आठवडे एकमेकांशी बोलते ठेवण्याचा एक उपक्रम त्यांनी चालविला. त्यात आठ देशांतील सुमारे १९ हजार विद्यार्थी सहभागी झाले होते.

यातील आकडे मोठे आहेत. परंतु त्यांहूनही मननीय अशा दोन गोष्टी आहेत. पहिली ही, की परितेवाडीची बाजू केवळ पाहणाऱ्याची नव्हती. ती दाखविणाऱ्याचीही होती. दुसरी ही, की मुलांची मैत्री एका भेटीवर सोडून न देता ती सहा आठवडे जोपासण्यात आली. एका दिवसाचा सोहळा व सहा आठवड्यांचा अभ्यास यांत जे अंतर आहे, तेच कौतुक आणि शिक्षण यांतही आहे.

हिंगोलीच्या वर्गांसाठी चार पाठ

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाचही तालुक्यांतील कोणत्याही प्राथमिक शाळेला घेता येतील असे चार पाठ येथे सुचविले आहेत.

पहिला पाठ 'ओळखा, आम्ही कोठून बोलतो?' हा होय. परदेशांतील शाळांत हा खेळ फार लोकप्रिय झाला. दोन्ही वर्ग आपले ठिकाण गुप्त ठेवतात व 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारून समोरच्याचे ठिकाण शोधतात. दूरचा वर्ग विचारतो, 'तुमच्या राज्याला समुद्रकिनारा आहे का?' आपली मुले 'होय' म्हणतात. 'तुमच्या नदीचे पाणी त्याच समुद्राला मिळते का?' याचे उत्तर 'नाही' असे येते आणि समोरचा वर्ग बुचकळ्यात पडतो. कयाधूचे पाणी पैनगंगेला मिळते. पुढे ते वर्धा व प्राणहिता या नद्यांतून गोदावरीत जाऊन बंगालच्या उपसागरास पोहोचते. आपल्या गावावर पडणारा पाऊस अरबी समुद्राकडे न जाता पूर्वेकडे वाहतो, हे पाठ करून विसरले जाते. कोडे म्हणून घातले तर ते जन्मभर लक्षात राहते. आपली मुलेही प्रश्न विचारताना नकाशा उघडून बसतात आणि एकेका उत्तरासरशी देशाचा एकेक भाग वगळीत जातात. क्रमाक्रमाने विचार करण्याचे हे उत्तम शिक्षण आहे.

दुसरा पाठ सावलीचा. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले गेलेले नर्सी हे गाव हिंगोली तालुक्यात आहे. नामदेवांनी पंजाबात दीर्घकाळ वास्तव्य केले आणि गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान या गावी त्यांची स्मृती आजही जपली जाते. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. एप्रिल २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८ वे अधिवेशन घुमान येथे भरले, तेही याच नात्यामुळे. नर्सीचा एक वर्ग व घुमानचा एक वर्ग २१ मार्चच्या दुपारी परस्परांशी जोडले गेले आहेत, अशी कल्पना करू. दोन्ही ठिकाणी सपाट जागेवर एक मीटर लांबीची काठी उभी रोवली आहे. मुले दर पाच मिनिटांनी सावली मोजतात व सर्वांत आखूड सावली नोंदवितात. नर्सीला ती सुमारे ३६ सेंटिमीटर भरेल, घुमानला सुमारे ६२ सेंटिमीटर. सूर्य एकच, काठी सारखीच, मग सावली वेगळी का? पृथ्वी गोल आहे आणि घुमान नर्सीच्या बरेच उत्तरेस आहे, हे उत्तर मुलांना स्वतःच्या हाताने मिळते. वरच्या इयत्तांतील मुलांना पुढे नेता येईल. दोन ठिकाणांच्या अक्षांशांत सुमारे १२ अंशांचा फरक आहे आणि एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर पडतात. म्हणजे घुमान तेराशे किलोमीटरहून अधिक उत्तरेस आले. नामदेव किती लांब गेले, याचा अदमास मुलांना एका काठीच्या सावलीवरून येतो. इतिहास, भूगोल व गणित येथे एकाच धड्यात येतात.

याच प्रकारचा आणखी एक सोपा प्रयोग आसामातील वर्गाबरोबर करता येईल. डिसेंबरात सायंकाळी पावणेपाच वाजता गुवाहाटीला सूर्य मावळलेला असतो, तर हिंगोलीच्या शाळेच्या अंगणात अजून तासभर ऊन राहणार असते. घड्याळ दोन्हीकडे एकच वेळ दाखविते. रेखांशाचा हा पाठ पडद्यावर केवळ पाहूनच समजतो.

तिसरा पाठ हळदीचा, म्हणजेच आपल्या गावच्या व्यवसायाचा. कोकणातील किंवा ओडिशातील किनाऱ्यावरच्या वर्गाने मासे वाळविण्याची रीत दाखवावी, हिंगोलीच्या मुलांनी हळद शिजविण्याची व वाळविण्याची. मग दोन्ही वर्गांनी मिळून एक प्रश्न सोडवावा. वाळविल्याने पदार्थ का टिकतो? आपल्या मुलांनी ओल्या कंदाचे वजन करून ठेवावे, वाळल्यावर पुन्हा करावे आणि आकडे पुढील भेटीत सांगावे. दोन आठवड्यांच्या अंतराने होणाऱ्या दोन भेटींत हा पाठ उत्तम बसतो.

चौथा पाठ सर्वांत महत्त्वाचा आहे. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. हंगामी वसतिगृहे, शिक्षण हमी पत्रक अशा उपायांनी त्यांचे शिक्षण अखंड राहावे, असा प्रयत्न होत आला आहे. तरीही नव्या गावच्या शाळेत बसलेले मूल बहुधा शेवटच्या रांगेत, अबोल असते. त्या शाळेचा वर्ग आणि मुलाच्या मूळ गावचा वर्ग जोडला गेला, तर चित्र पालटते. दोन्ही गावे पाहिलेले त्या भेटीतील ते एकमेव मूल असते. उसाचा फड, गाडीतळ, तेथील नदी, आपल्या गावची शाळा आणि डोंगर हे सारे दोन्ही बाजूंना समजावून सांगण्याचा मान त्याच्याकडे येतो. जे स्थलांतर त्याच्या शिक्षणातील खंड म्हणून नोंदले जाते, तेच त्या तासापुरते त्याचे ज्ञान ठरते. आपली जागा दोन्ही वर्गांत राखलेली आहे, हे त्याला कळते. वैशाखात ते मूल परत शाळेत यावे असे वाटत असेल, तर या जाणिवेचे मोल फार आहे.

पूर्वतयारी

असा पाठ यशस्वी होणे न होणे बहुतांशी पूर्वतयारीवर अवलंबून असते. दोन्ही शिक्षकांनी आधी परस्परांशी बोलून विषय, वेळ व भाषा निश्चित करावी. भेट तीस ते चाळीस मिनिटांहून अधिक लांबवू नये. लहान मुलांचे लक्ष त्यापुढे टिकत नाही. प्रत्येक मुलास काही ना काही काम द्यावे. कोणी प्रश्न विचारावा, कोणी उत्तर लिहून घ्यावे, कोणी नकाशावर खूण करावी, कोणी वेळ सांभाळावी. केवळ चार हुशार मुले पुढे उभी करून उरलेल्यांनी मागे बसून पाहणे, हा या पाठातील मोठा दोष होय.

चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा आहे, हे विसरू नये. अंधूक चित्रावर भागते, पण अस्पष्ट आवाजावर भागत नाही. भ्रमणध्वनीला लहान ध्वनिक्षेपक जोडावा, बोलणाऱ्या मुलाने जवळ येऊन बोलावे आणि खिडकी मुलांच्या पाठीशी न येता समोर येईल अशी बैठक ठेवावी. मध्यम प्रतीच्या चित्रासाठी सेकंदाला सुमारे एक मेगाबिट एवढी गती पुरेशी होते. जोडणी मंदावली तर चित्र बंद करून संभाषण चालू ठेवावे. वीज किंवा जोडणी अजिबात नसेल अशा दिवसासाठी आधी चित्रित केलेली दोन मिनिटांची फीत व मुलांची पत्रे तयार असावीत. फ्रेने यांचा प्रयोग विजेवाचूनच झाला होता, याचे स्मरण येथे उपयोगी पडेल.

भाषेची भीती बाळगू नये. मराठी, ओडिया, पंजाबी मुले एकमेकांना वस्तू दाखवून व नावे सांगून आरंभ करू शकतात. शिक्षकांनी हिंदीचा पूल वापरावा. ज्या वर्गात बंजारा बोलणारी मुले आहेत, तेथे एकाच वस्तूची घरातील, शाळेतील व दूरच्या वर्गातील अशी तीन नावे फळ्यावर लिहावीत. घरची बोली फळ्यावर आल्याने मुलाचा संकोच कमी होतो.

परदेशातील वर्गाशी बोलावयाचे असल्यास घड्याळाचा हिशेब आधी करावा. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, त्यामुळे आपल्या सकाळच्या शाळेची वेळ सोयीची ठरते. ब्रिटन आपल्या मागे साडेचार किंवा साडेपाच तास आहे. आपली दुपारची शेवटची तासिका तेथील सकाळच्या पहिल्या तासिकेशी जुळविता येते.

काही पथ्ये

मुलांचे पूर्ण नाव, घरचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक दूरच्या वर्गास कळवू नये. पालकांची संमती आधी घ्यावी व भेटीचे चित्रण त्यांच्या अनुमतीवाचून कोठेही प्रसृत करू नये. जोडणी शिक्षकांच्या उपस्थितीतच व्हावी. समोरच्या वर्गाच्या दारिद्र्याचे किंवा श्रीमंतीचे प्रदर्शन होणार नाही, याची दक्षता दोन्ही शिक्षकांनी घ्यावी. त्यांच्याकडे काय नाही, यापेक्षा त्यांना काय ठाऊक आहे, हे विचारण्याची सवय मुलांना लावावी.

कोणत्याही एका यंत्रणेवर विसंबून राहणेही योग्य नव्हे. जगभरातील हजारो वर्गांनी ज्या 'स्काइप'च्या आधारे हा उपक्रम चालविला, ती सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली. साधने येतात व जातात. प्रश्न तयार करणे, निरीक्षण करणे, नोंद ठेवणे आणि दिलेला शब्द पाळून पुन्हा भेटणे ही पद्धत मात्र टिकते. म्हणून प्रत्येक भेटीनंतर दोन्ही वर्गांनी एक पानाची नोंद लिहावी. आज आम्ही काय सांगितले, काय शिकलो आणि पुढच्या भेटीत काय विचारणार, ही तीन वाक्ये त्या नोंदीत असली म्हणजे पुरे.

दोन ठिकाणांहून पाहण्याचे सामर्थ्य

औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात उभारावयाच्या 'लायगो-इंडिया' या वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. प्रकल्पाचा अंदाजित खर्च २,६०० कोटी रुपये आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरीचा पहिला वेध घेतला गेला, तेव्हा तो अमेरिकेतील परस्परांपासून सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावर असलेल्या दोन वेधशाळांनी घेतला होता. एकीकडे लहर पोहोचली आणि सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी दुसरीकडे. एकाच ठिकाणी नोंद झाली असती तर ती स्थानिक कंप म्हणून संशयास पात्र ठरली असती. दोन्ही ठिकाणच्या नोंदी जुळल्या म्हणून शास्त्रज्ञांचा विश्वास बसला. लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली, हे अधिक अचूकपणे कळावे, यासाठीच आणखी दूरच्या वेधशाळेची गरज आहे आणि त्यासाठी हिंगोलीची भूमी निवडण्यात आली.

शाळेलाही हाच न्याय लागू पडतो. एका ठिकाणाहून पाहिलेले जग अपुरे असते. नर्सीची सावली घुमानच्या सावलीशेजारी ठेवली म्हणजेच ती काही सांगू लागते. जिल्ह्यातील मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख व शिक्षक बंधुभगिनींनी येत्या सत्रात एका वर्गाने, एका दूरच्या वर्गाशी, एका विषयावर निदान तीन भेटी घडवून आणाव्यात. त्यासाठी नव्या खर्चाची फारशी आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती आपल्या गावातील मुलाजवळ जगाला सांगण्याजोगे काही आहे, या विश्वासाची.